अक्षराचा इतिहास आणि रेषेची समीक्षा

दृक्‌संवादाचा इतिहास हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून भारतात उशिरा रुजला. बंगळुरूत १९९६ साली ‘सृष्टी’ ही कला व अभिकल्प यांचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. २००६ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे केंद्रही त्या शहरात उभे राहिले. अशा संस्थांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयाची ओळख बहुधा फिलिप मेग्ज यांच्या १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासग्रंथाच्या वळणाने होते. गुटेनबर्ग, बाउहाउस, स्विस शैली असा तो राजमार्ग आहे. त्या मार्गावर देवनागरी अक्षराला फारशी जागा नाही. म्हणून येथे इतिहासच नाही, असा समज होण्याचा संभव असतो. तो समज खोटा ठरविणारी सामग्री मराठी अभ्यासकांनी पूर्वीच सिद्ध करून ठेवली आहे. मात्र ती एकत्र वाचली गेलेली नाही.

या सामग्रीतील पहिला महत्त्वाचा ग्रंथ अ. का. प्रियोळकर यांचा. १५५६ साली गोव्यात मुद्रणयंत्र आले. त्या घटनेच्या चारशेव्या वर्षाच्या निमित्ताने लिहिलेला हा इंग्रजी ग्रंथ १९५८ मध्ये मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. प्रियोळकरांची दृष्टी कागदपत्रे पारखणाऱ्या संशोधकाची आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. देशी लिपीत छापण्याची स्टीफन्सची इच्छा होती, परंतु तिला लागणाऱ्या मातृकांची प्रचंड संख्या आड आली. पुढे १८०५ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, १८१० मध्ये त्याचा कोश मोडी टंकात निघाला, आणि १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. ही सारी साखळी प्रियोळकरांमुळे अभ्यासकांच्या हाती आली. तथापि त्यांच्या लेखी मुद्रित पान हा प्रामुख्याने पुरावा आहे. ते केव्हा, कोठे, कोणी छापले हे ते निश्चित करतात. ते दिसते कसे, या प्रश्नापाशी ते क्वचितच रेंगाळतात.

बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरील बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने तीन खंडांत काढला. शासकीय मुद्रणालयाचा कारभार सांभाळलेल्या या लेखकाला खिळ्यांच्या घरापाशी उभ्या असलेल्या जुळाऱ्याचे कष्ट ठाऊक होते. रोमन लिपीचे काम काही डझन अक्षरांवर भागते. देवनागरीत मात्र वर वेलांटी व मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशी तीन मजली रचना असल्याने खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. टिळकांनी ‘केसरी’साठी केलेला टंकसुधारणेचा विचार, सावरकरांची ‘अ’ची बाराखडी, निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी राणोजी आरूंच्या मदतीने घडविलेली देखणी वळणे, या सर्वांमागे ही एकच अडचण होती. सौंदर्य राखावे तर खिळे वाढतात, खिळे कमी करावेत तर अक्षर मोडते. नाईकांचा ग्रंथ हा पेच मुळापासून समजावून देतो. त्याचा कल मात्र मुद्रणाच्या सोयीकडे आहे. यंत्राला मानवेल असे अक्षर कोणते, हा त्याचा गाभ्याचा प्रश्न. तेच अक्षर वाचकाच्या मनावर कोणता संस्कार करते, हा प्रश्न त्यामुळे मागे राहतो.

तो प्रश्न मराठीत विचारला गेला तो वेगळ्या अंगणात. वसंत सरवटे हे व्यवसायाने अभियंता आणि वृत्तीने रेषेचे भाष्यकार. ‘परकी चलन’, ‘संवाद रेषालेखकाशी’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी व्यंगचित्राची स्वतंत्र भाषा उलगडली. ‘ललित’ मासिकातील ठणठणपाळाला चेहरा देणारी त्यांची रेषा आणि रेषेविषयीचे त्यांचे गद्य यांत अंतर नाही. चित्र हे मजकुराचे अलंकरण नसून स्वतंत्र विधान असते, ही जाण त्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला दिली. परंतु त्यांचे क्षेत्र चित्राचे. अक्षर, पान आणि छपाई त्याच्या कडेला राहतात.

म्हणजे एकाने कालक्रम दिला, दुसऱ्याने यंत्रणा, तिसऱ्याने अर्थ. या तिन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या नाहीत याची किंमत वाङ्‌मयसमीक्षेने मोजली आहे. अरुण कोलटकर हे जे. जे. कलाशाळेत शिकलेले आणि जाहिरातक्षेत्रात मान्यता पावलेले अभिकल्पक होते. १९७६ च्या सुमारास मुंबईत कवींनीच चालविलेल्या ‘क्लिअरिंग हाउस’च्या पुस्तकांची रूपे त्यांनी सिद्ध केली. तरीही त्यांच्या कवितेची चर्चा पानावरील मोकळी जागा, ओळीची लांबी, मुखपृष्ठ यांना बहुशः वगळून होते. र. कृ. जोशी यांचेही तसेच. जाहिरातसंस्था, पवईचे औद्योगिक अभिकल्प केंद्र, सुलेखन, दृश्य कविता आणि अखेर संगणकावरील ‘मंगल’ अक्षरवळण असा त्यांचा प्रवास आहे. तो साहित्याच्या इतिहासात मावत नाही आणि तंत्राच्या इतिहासातही पुरता मावत नाही.

या उपेक्षेचे सर्वांत मूक साक्षीदार म्हणजे ग्रंथालये. पुस्तक टिकावे म्हणून त्याची पुनर्बांधणी होते आणि त्या ओघात मूळ वेष्टन व मुखपृष्ठ टाकून दिले जाते. दीनानाथ दलालांच्या पिढीचे काम अशा रीतीने नाहीसे होत गेले. नोंदपत्रात लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या असते. मुखपृष्ठकार व अक्षरवळण यांना बहुधा रकाना नसतो. ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास लिहिणे पुढच्या अभ्यासकाला दुष्कर होते.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. वर उल्लेखिलेले पहिले दोन ग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यामुळे बंगळुरूच्या अभिकल्प-विद्यार्थ्याला ते खुले आहेत, परंतु मराठी साहित्याचा विद्यार्थी त्यांच्याकडे सहसा वळत नाही. नाईकांनी ‘भारतीय ग्रंथमुद्रण’ हे पुस्तक मराठीत लिहून ही दरी अंशतः भरून काढली. खिळा, शिळाछाप, वळण, जुळणी हे शब्द छापखान्यांनी घडविले होते. खिळ्यांची जुळणी लोप पावल्यावर तेही विस्मरणात जात आहेत. प्रियोळकरांची काटेकोर नोंद, नाईकांचे यंत्रज्ञान आणि सरवट्यांची डोळस रसिकता यांचा एकत्र विचार करणारा मराठी ग्रंथ जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याला हीच शब्दसंपदा लागेल. तोवर ती जपणे आणि पुस्तकाला त्याच्या मूळ वेष्टनासह जतन करणे हे ग्रंथपालाचे आणि समीक्षकाचे सामाईक कर्तव्य ठरते.