राजपुत्र थुतमोस आणि ता-मिऊचा लेख

तिसऱ्या अमेनहोतेपचा ज्येष्ठ पुत्र थुतमोस (इ. स. पू. १४ वे शतक) पित्याआधी निवर्तला, राज्य धाकट्या भावाकडे, पुढील अखेनातेनकडे गेले. म्हणून अभ्यासक त्याचा विचार बहुधा ‘तो जगता तर’ एवढ्यापुरताच करतात. ही दृष्टी एकांगी होय. त्याने आपल्या मांजरीसाठी करविलेली चुनखडीची शवपेटिका कैरोच्या संग्रहालयात आहे. तीवर युवराज व मेम्फिस येथील प्ताहचा महापुरोहित या त्याच्या पदव्या कोरल्या आहेत. मांजरीचे नाव ‘ता-मिऊ’: ‘ता’ हे स्त्रीलिंगी निश्चित उपपद, ‘मिऊ’ म्हणजे मांजर. या सामान्यनामाआधी मृत माणसाप्रमाणे ‘ओसिरिस’ जोडले असून मांजर स्वतः प्रथमपुरुषी बोलते. मानवी मृत्युलेखाची भाषा प्राण्यास देणाऱ्या या राजपुत्रास केवळ न लाभलेल्या सिंहासनावरून ओळखणे न्याय्य नव्हे.