जुन्या आलिशान सेडान मोटारींची अंतर्गत सजावट : साहित्य, प्रतिष्ठा आणि टिकाऊपणा

प्रस्तावना :

मोटारीचे सौंदर्य सामान्यतः तिच्या बाह्यरूपावरून जोखले जाते. प्रत्यक्षात प्रवाशाचा संबंध येतो तो मुख्यतः तिच्या अंतर्भागाशी. आसनाचे आच्छादन, डॅशबोर्डवरील लाकूड, दाराचे अस्तर यांचा स्पर्श, गंध आणि आवाज यांतूनच 'आलिशान' या विशेषणाला अर्थ प्राप्त होतो. जुन्या मोटारींची चर्चा करताना 'जुने ते सोने' या न्यायाने एक ढोबळ विभागणी केली जाते. अस्सल चामडे व लाकूड म्हणजे दर्जा आणि कृत्रिम साहित्य म्हणजे तडजोड. ही विभागणी कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात ब्रिटिश, जपानी व जर्मन मोटारींच्या आधारे केला आहे.

'अस्सल'पणाचा प्रश्न :

1968 मध्ये सादर झालेली जग्वार एक्सजे ही ब्रिटिश परंपरेची प्रातिनिधिक मोटार होय. अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड आणि चामड्याची आसने यांमुळे तिचा अंतर्भाग एखाद्या जुन्या दिवाणखान्यासारखा भासतो. जग्वार व रोल्स-रॉइस यांना चामडे पुरविणारी कॉनोली ही संस्था 1878 पासूनची. मात्र ज्याला येथे अस्सल लाकूड म्हटले जाते, ते वस्तुतः दुसऱ्या पृष्ठभागावर चिकटविलेला पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर असते. एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे उघडलेल्या पुस्तकाच्या पानांप्रमाणे शेजारी मांडून त्यांच्या रेषांची सममिती साधली जाते. हे कौशल्य निर्विवाद आहे. परंतु तेही अखेर आवरणच आहे. त्यामुळे अस्सल आणि कृत्रिम यांतील सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट राहत नाही.

प्रतिष्ठेची अदलाबदल :

चामडे हे नेहमीच प्रतिष्ठेचे लक्षण होते, असेही नाही. प्रारंभीच्या अनेक लिमोझीन मोटारींत चालकाची जागा उघडी असे. ऊन-पाऊस सोसण्यासाठी त्याचे आसन चामड्याचे, तर मागे बसणाऱ्या मालकाचे आसन उंची कापडाचे असे. म्हणजे चामडे हे तेथे नोकराच्या वाट्याचे साहित्य होते. 1967 मध्ये आलेल्या जपानच्या टोयोटा सेंच्युरीने कापडाचा हा मान टिकवून ठेवला. बसताना करकरणाऱ्या चामड्यापेक्षा लोकरीचे शांत आच्छादन तेथे अधिक सभ्य मानले गेले. साहित्याची प्रतिष्ठा त्या साहित्यात नसते. समाज ती त्याला बहाल करतो, हे यावरून स्पष्ट होते.

कृत्रिम, तरीही टिकाऊ :

जर्मन परंपरेने उपयुक्ततेला अग्रक्रम दिला. 1976 मध्ये सादर झालेल्या मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू 123 मालिकेत एमबी-टेक्स या व्हायनिलच्या आच्छादनाचा पर्याय होता. हे आच्छादन पूर्णतः कृत्रिम असले तरी दीर्घकाळच्या वापरातही ते सहसा फाटत नसे. जर्मनीत टॅक्सी म्हणून राबणाऱ्या या मोटारींनी त्याची कसोटी पाहिली. 1979 च्या डब्ल्यू 126 मालिकेत आसन मागेपुढे करण्याच्या बटणांना आसनाचाच आकार दिला गेला. बोटाला जे जाणवते तेच आसन करते. सूचना वाचावी लागत नाही. येथे आलिशानपणा दागिन्यासारखा वर चढविलेला नाही, तो वापरात मुरलेला आहे. या घराण्यातील डब्ल्यू 124 मालिकेची जुळणी 1995 पासून पुण्यात सुरू झाली.

काळाची कसोटी :

याउलट 1990 च्या दशकात व त्यानंतर अनेक मोटारींत प्लास्टिकवर मऊ स्पर्शाचा लेप देण्याची पद्धत रूढ झाली. नवेपणी हा लेप मखमलीसारखा वाटतो. मात्र उष्ण व दमट हवेत त्याचे विघटन होऊन तो चिकट बनतो. त्या मोटारीही आता जुन्या झाल्या आहेत. पण त्यांचे सोने झालेले नाही. व्हिनिअरवरील लाखेला उन्हाने तडे जातात, चामडेही निगेअभावी कडक होऊन भेगाळते. परंतु लाकडाला पुन्हा लाख देता येते, चामडे रंगविता येते, आच्छादन नव्याने शिवता येते. कुशनकाम करणाऱ्या कारागिराच्या हाताला तेथे वाव असतो. चिकट झालेल्या लेपाच्या बाबतीत तो खरवडून टाकणे किंवा संपूर्ण भाग बदलणे, एवढाच मार्ग बहुधा उरतो.

निष्कर्ष :

जुन्या आलिशान मोटारींच्या अंतर्भागाचे मूल्यमापन वय किंवा अस्सलपणा या निकषांवर करणे अपुरे ठरते. साहित्य कसे जुने होते आणि ते दुरुस्त करता येते काय, हे दोन निकष अधिक न्याय्य होत. या निकषांवर अक्रोडाचे व्हिनिअर, लोकरीचे कापड आणि व्हायनिल हे तिन्ही एका पंक्तीत बसतात. पहिल्या दिवसाच्या स्पर्शासाठी घडविलेला लेप मात्र बाहेर राहतो. रचनाकलेच्या अध्यापनात वस्तूच्या पहिल्या दिवसाइतकाच तिच्या विसाव्या वर्षाचा विचार झाला, तर आलिशानपणा आणि अपव्यय यांतील भेद विद्यार्थ्यांना स्पष्टपणे दाखविता येईल.