बनू हिलाल : वंशावळ, स्थलांतर व लोकमहाकाव्य

बनू हिलाल : मूळची अरबस्तानातील एक भटकी टोळी, तसेच तिच्या पश्चिमेकडील स्थलांतरावर रचलेल्या *सीरत बनी हिलाल* या अरबी लोकमहाकाव्याचा विषय. अरबी वंशशास्त्रानुसार ही टोळी उत्तरेकडील अरबांच्या कैस ऐलान शाखेतील हवाझिन समूहात मोडते. हिलाल बिन आमिर बिन सअसआ हा तिचा मूळ पुरुष होय. मक्केनजीकच्या ताइफचा परिसर व नज्द येथे तिची वसतिस्थाने होती. प्रेषित मुहंमदांच्या पत्नींपैकी झैनब बिन्त खुझैमा व मैमूना बिन्त अल्-हारिस या दोघी याच टोळीतील होत.

दहाव्या शतकात टोळीतील काही गट कर्माती बंडखोरांना मिळाले. पुढे फातिमी खलीफा अल्-अझीझ (कार. ९७५–९९६) याने त्यांना दक्षिण ईजिप्तमध्ये हलविले. इफ्रीकियाचा (हल्लीचा ट्युनिशिया व लगतचा प्रदेश) झीरी शासक अल्-मुइझ्झ बिन बादीस याने सु. १०४८ मध्ये फातिमींचे प्रभुत्व झुगारून बगदादच्या अब्बासी खलीफाचा पक्ष स्वीकारला. तेव्हा फातिमी वजीर अल्-याझूरी याने या टोळ्यांना पश्चिमेकडे वळविले, असे परंपरा सांगते. १०५२ मध्ये हैदरान येथे झीरी सैन्याचा पराभव झाला. १०५७ मध्ये अल्-मुइझ्झने राजधानी कैरवान सोडून महदिया या किनाऱ्यावरील नगराचा आश्रय घेतला व कैरवान लुटले गेले. ११५३ मध्ये अल्मोहाद शासक अब्द अल्-मूमिन याने सेतीफ येथे या टोळ्यांचा पराभव केला. त्यानंतर त्यांच्यातील अनेक गट मोरोक्कोच्या मैदानी प्रदेशात वसविण्यात आले.

या घटनांचे प्रमुख इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी टोळ्यांच्या आगमनाला टोळधाडीची उपमा दिली. फ्रेंच वसाहतकाळात झॉर्झ मार्से व ई. एफ्. गोत्ये यांच्या लेखनातून ‘हिलाली आपत्ती’ची कल्पना रूढ झाली. नांगरणारा बर्बर व उजाड करणारा अरब असा तीतील भेद परकीय सत्तेला सोयीचा होता. झां पाँसे यांनी १९६७ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. झीरी राज्याची घसरण आधीच सुरू झाली होती, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. एच्. आर्. इद्रिस यांनी तो अमान्य केला. विध्वंसाच्या प्रमाणाविषयी मतभेद असले, तरी सर्व दोष एका टोळीवर टाकणारे स्पष्टीकरण आता अपुरे ठरले आहे.

महाकाव्यातील इतिहास याहून वेगळा आहे. त्यात वजिराच्या सूडाला स्थान नाही. नज्दमधील दुष्काळ हेच स्थलांतराचे कारण आहे. अबू झैद व तीन तरुण राजपुत्र कुरणांच्या शोधात ट्यूनिसला जातात आणि त्यांच्यामागून सारी टोळी निघते. तेथील शत्रू अल्-झनाती खलीफा हा झनाता बर्बरांचा वीर दाखविला आहे. प्रत्यक्षात झीरी राजवंश झनातांच्या प्रतिस्पर्धी सनहाजा गटातील होता. त्यामुळे घटनांचे साधन म्हणून या काव्याचा उपयोग मर्यादित आहे. मात्र त्यावरून ते केवळ कल्पित म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. वंश म्हणजे काय, या प्रश्नाचा त्यात खोल विचार आहे. नायक अबू झैद कृष्णवर्णी जन्मतो. पिता रिझ्क त्याचे पितृत्व नाकारतो, माता खद्रा हिला टोळी सोडावी लागते आणि मुलगा परक्या टोळीत वाढतो. पुढे नकळत पित्याशीच त्याचे युद्ध होते व त्यानंतर ओळख पटते. कुलाभिमानी टोळीचा तारणहार कुलाबद्दलच संशयित असावा, यात या काव्याचे मर्म आहे.

इब्न खल्दून यांचा विचारही याच दिशेचा आहे. वंशसंबंध ही मुळात मानलेली गोष्ट असून तीमुळे निर्माण होणारे ऐक्य हाच तिचा उपयोग, असे ते मानतात. इफ्रीकियातील हव्वारा हे मूळचे बर्बर लोक भाषा व राहणी या बाबतींत बनू सुलैम या अरब टोळीसारखे झाल्याचे त्यांनीच नोंदविले आहे. ‘हिलाली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माघ्रिबच्या बोलींत ‘काफ’ या वर्णाचा उच्चार ‘ग’ असा होतो. परंतु त्या बोलणाऱ्या सर्वांचे पूर्वज नज्दहून आले, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. भाषेचा प्रसार व रक्ताचा वारसा या भिन्न गोष्टी होत.

ईजिप्तमध्ये हे काव्य रबाबाच्या साथीवर गायिले जाते. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील अल्-बकातूश या गावचे शाहीर त्यासाठी प्रसिद्ध झाले. हे शाहीर अरब वंशाचे मानले जात नाहीत व समाजात त्यांचे स्थान गौण होते. अरब वंशाचा गौरव ज्यांना तो वंश नाकारला गेला त्यांनी जतन करावा, ही गोष्ट अबू झैदच्या कथेशी सुसंगतच आहे. युनेस्कोने २००८ मध्ये या काव्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत समावेश केला. वंशावळीतील नावे टोळीचा मूळ पुरुष सांगतात. टोळीत कोणाला सामावून घेतले गेले व त्यासाठी कोणाला किती झगडावे लागले, हे मात्र महाकाव्यच सांगते.