‘राज्य’, ‘वैकुंठ’ आणि ‘दरबार’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील ईश्वरी सत्तेचा काळ

ख्रिस्ती धर्मविचारात ‘देवाचे राज्य’ ही संकल्पना केंद्रस्थानी आहे आणि तितकीच वादग्रस्तही आहे. हे राज्य येशूच्या आगमनाबरोबरच अवतरले, की ते युगान्ती यायचे आहे, हा त्या वादाचा मूळ प्रश्न होय. शुभवर्तमानांत दोन्ही प्रकारची वचने आढळतात. काही दृष्टान्तांत राज्य मातीत पडलेल्या बीजासारखे आधीच कामाला लागलेले आहे. प्रभूच्या प्रार्थनेत मात्र त्याच्या आगमनाची याचना आहे. लूकच्या शुभवर्तमानातील सतराव्या अध्यायातील एका ग्रीक शब्दयोगी अव्ययावर तर स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले आहे. त्याचा अर्थ ‘अंतःकरणात’ असा घ्यावा की ‘तुम्हा सर्वांच्या दरम्यान’ असा, यावर राज्य हा आत्मिक अनुभव ठरतो की सामाजिक वास्तव, हे अवलंबून आहे. इंग्रजीला येथे एक पर्याय स्वीकारून दुसरा सोडावा लागतो. मराठीतील ‘तुमच्यामध्ये’ हे रूप मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी धारण करू शकते.

युरोपात या प्रश्नाची आधुनिक चर्चा योहानेस वाइस यांच्या १८९२ च्या ग्रंथापासून सुरू झाली. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये येशूची अपेक्षा नजीकच्या युगान्ताची होती, अशी भूमिका आग्रहाने मांडली. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये याच्या उलट, येशूच्या कार्यात राज्य प्रत्यक्ष अवतरलेच आहे, असे प्रतिपादन केले. ऑस्कर कुलमान यांनी १९४६ मध्ये ‘आधीच आले आहे, पण अद्याप पूर्ण झालेले नाही’ या तणावातच उत्तर शोधले. मराठीत असा क्रमबद्ध तात्त्विक वाद झाला नाही. तथापि त्यावरून मराठी ख्रिस्ती लेखकांनी या प्रश्नाचा विचारच केला नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांनी हा विचार शब्दांच्या निवडीतून केला. ग्रीक ‘बासिलेया’ला त्यांनी कोणता देशी शब्द दिला, यातच त्यांची काळविषयक भूमिका सामावलेली आहे.

या इतिहासाचा आरंभ गोव्यात होतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पहिले पुराण’ सृष्ट्युत्पत्तीपासूनचा जुन्या कराराचा वृत्तान्त सांगते आणि ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे योजतात. या शब्दाने श्रोत्याला परिचयाचा दिलासा मिळतो, पण संकल्पनेत एक सूक्ष्म बदलही होतो. ‘बासिलेया’ आणि तिच्यामागील हिब्रू ‘मलकूथ’ या शब्दांत प्रदेशापेक्षा राजाच्या सत्ताव्यवहारावर भर आहे. वैकुंठ हे मात्र स्थळ आहे. तेथे जायचे असते. ते आपल्याकडे येत नाही. त्यामुळे ‘राज्य केव्हा येईल?’ या प्रश्नाची जागा ‘मृत्यूनंतर कोठे जायचे?’ हा प्रश्न घेतो. परकीय राजसत्तेच्या छायेत नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी लिहिल्या गेलेल्या या काव्यात देवाचे राज्य भूमीवरून उचलून वर नेले गेले, हे केवळ भाषांतराच्या सोयीचे फळ मानता येत नाही.

वारकरी परंपरेशी तुलना केल्यास हा बदल अधिक स्पष्ट होतो. संतकवींच्या दृष्टीने वैकुंठ दूर उरलेलेच नाही. देव भक्तासाठी विटेवर येऊन उभा आहे आणि पंढरी हेच भूवैकुंठ आहे. भविष्याची भाषा या परंपरेत नाही असे नव्हे. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातील क्रियापदे आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषात आहेत आणि ती आशीर्वाद व याचना व्यक्त करतात. रामदासांच्या ‘आनंदवनभुवना’त स्वप्नात पाहिलेले प्रत्यक्ष घडत असल्याचा प्रत्यय येतो, म्हणजे भविष्य वर्तमानात उतरताना दिसते. लोकपरंपरेत दिवाळीच्या पाडव्याला इडापीडा टळून बळीचे राज्य यावे अशी इच्छा उच्चारली जाते. प्रभूच्या प्रार्थनेच्या मराठी रूपात आणि या लोकवचनात ‘येवो’ हे एकच क्रियापद आहे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. दोन्ही ठिकाणी न्यायी राजा अनुपस्थित आहे आणि त्याच्या आगमनाने आजची व्यवस्था पालटेल अशी आशा आहे. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला बळीच्या परंपरेत बसविले, ते या आशेच्या साम्यामुळेच.

या पार्श्वभूमीवर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची निवड लक्षणीय ठरते. राजनांदगाव संस्थानाकडे नोकरीसाठी जात असताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाकडून त्यांना नवा करार मिळाला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत असताना त्यांनी अभंगांची व उपासनागीतांची मोठी रचना केली आणि ‘ज्ञानोदया’च्या संपादनात भाग घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे सर्वश्रुत आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने बंधुवर्ग उभारण्याचे काम हाती घेतले. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. बायबलमधील रूढ ‘राज्य’ आणि ‘ख्रिस्तपुराणा’तील ‘वैकुंठ’ हे दोन्ही शब्द उपलब्ध असताना त्यांनी ‘दरबार’ का निवडला?

या शब्दाचा अर्थविस्तार पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर, जयपूरकडे वळणे उपयुक्त ठरते. राजपुतान्यातील संस्थानांत ‘दरबार’ म्हणजे राजाची सभा, आणि ‘दरबार’ म्हणजे स्वतः राजाही. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत ‘जयपूर दरबार’ म्हणजे त्या संस्थानचे शासन. सभा, व्यक्ती आणि सत्ता या तिन्हींना मिळून एक शब्द आहे, आणि प्रदेश हा त्यात दुय्यम आहे. ‘बासिलेया’तील सत्ताव्यवहाराचा अर्थ ‘राज्या’पेक्षा ‘दरबारा’त अधिक जपला जातो, तो यामुळे. ‘राज्य’ नकाशावर दाखविता येते. दरबार मात्र राजा जेथे बसला तेथे भरतो. राजा उपस्थित असेल तर दरबार वर्तमानकाळीच असतो. याचा अर्थ, डॉड यांच्या ग्रंथापूर्वी अठरा वर्षे टिळकांनी एका उर्दू-फार्सी वळणाच्या शब्दाच्या द्वारे उपस्थित राज्याची बाजू घेतली होती. अमृतसरच्या हरमंदिराला ‘दरबार साहिब’ म्हणतात आणि सुफी स्थानांनाही हा शब्द लागतो. म्हणजे भक्तिव्यवहारातही त्याला आधीच घर मिळालेले होते.

जयपूरचे उदाहरण याहून एक गंभीर मुद्दा पुढे आणते. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी वसविलेल्या या नगरात गोविंददेवाचे मंदिर राजवाड्याच्या आवारातील जयनिवास उद्यानात, चंद्रमहालासमोर आहे. वृंदावनाहून आलेला गोविंददेव हाच खरा राजा आणि जयपूरचे नरेश त्याचे दिवाण, अशी परंपरा सांगितली जाते. मेवाडात एकलिंगजी आणि महाराणा यांचे नातेही याच स्वरूपाचे मानले गेले. त्रावणकोरमध्ये मार्तंड वर्मा यांनी १७५० मध्ये राज्य पद्मनाभाला अर्पण करून स्वतःला त्याचा दास म्हणविले. या सर्व व्यवस्थांत देवाचे राज्य पूर्णपणे वर्तमान आहे. देव सिंहासनावर आहे, त्याची मुद्रा चालते आहे, कारभारी नेमलेला आहे. परंतु ज्याचे आगमन झालेच आहे, त्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. परिणामी चालू व्यवस्थेकडे देवाच्या नावाने प्रश्न विचारण्याची जागाही आक्रसते. पूर्णतः वर्तमान मानलेल्या ईश्वरी राज्यात हा धोका अंगभूत असतो. आजची सत्ता देवाची प्रतिनिधी ठरली, की तिच्यावर देवाचा न्याय कोणी मागायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

टिळकांचा दरबार या धोक्यातून कितपत सुटतो, यावर त्याचे मूल्यमापन अवलंबून आहे. त्याच्या स्थापनेच्या सहा वर्षे आधी, १९११ मध्ये, दिल्लीत पंचम जॉर्ज यांचा दरबार भरला होता आणि देशातील संस्थानिक त्यात मुजऱ्याला उभे होते. या शब्दाचे राजकीय वजन त्या काळच्या मराठी वाचकाला जाणवले नसेल, हे संभवत नाही. साम्राज्याच्या दरबारात क्रम मानाप्रमाणे लागत असे. टिळकांच्या दरबारात मिशनरी आणि देशी ख्रिस्ती, स्नात आणि अस्नात यांतील क्रम पुसला जाणार होता. त्यामुळे हा शब्द चालू सत्तेला पवित्र करीत नाही, उलट तिच्याशी स्पर्धा करतो. जयपूरच्या परंपरेत राजा देवाचा दिवाण आहे. टिळकांच्या दरबारात मात्र ते पद रिकामेच राहते, कारण देव आणि शिष्य यांच्यामध्ये कारभारी नेमलेला नाही.

येथे मूळ प्रश्नाचे रूपही बदलते. युरोपीय वादात ‘आधीच’ आणि ‘अद्याप नाही’ ही काळाची टोके आहेत. ‘दरबार’ हा शब्द मुख्यतः प्रवेशाचा आहे. तेथे विचारायचे ते ‘कोणाला आत येता येईल?’ हे. बाप्तिस्मा न घेतलेल्यांना दरबारात स्थान देऊन टिळकांनी राज्य आणि चर्च यांची सीमारेषा एक नाही, असे कृतीने सांगितले. आल्फ्रेड लुआझी यांनी १९०२ मध्ये येशूने केलेली राज्याची घोषणा आणि प्रत्यक्षात निर्माण झालेली चर्च यांतील अंतराकडे लक्ष वेधले होते. टिळकांच्या संस्थेने तेच अंतर एका मराठी बैठकीत दृश्य केले. अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुश यांचा सामाजिक शुभवर्तमानाचा धर्मशास्त्रीय ग्रंथ १९१७ मध्येच प्रसिद्ध झाला, हे समकालत्वही नोंदण्याजोगे आहे. मात्र राउशेनबुश यांचे राज्य अर्थव्यवस्था, कामगार आणि कायदा यांपर्यंत पोहोचू पाहते. टिळकांचा दरबार भक्तमंडळाच्या मर्यादेत राहतो.

ही मर्यादा गौण नाही. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजात महार आणि मांग समाजांतून आलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी प्रवेश हा प्रश्न केवळ भक्तमंडळाचा नव्हता. पाणवठा, वेस आणि वेठ यांचा तो प्रश्न होता. दरबारात आसन मिळाल्याने गावातील विहीर खुली होत नाही. उपस्थित राज्याची भाषा ज्यांना आजच काही मिळाले आहे त्यांच्या तोंडी सहज येते. ज्यांना ते मिळालेले नाही, त्यांच्यासाठी ‘येवो’ हे क्रियापद अधिक सत्य असते. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्रातील उच्चवर्णीय परंपरेच्या वर्चस्वाला आव्हान दिले, तेव्हा त्यांच्या विचारातून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची वाट निघाली. बळीच्या राज्याची लोकपरंपरा आणि हा विचार यांचा संवाद मराठीत अजून पुरेसा झालेला नाही.

भविष्याची अपेक्षा म्हणजे वर्तमानापासून पलायन, असेही सरसकट म्हणता येत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ मध्ये जे पुनरुज्जीवन झाले, ते जगभरातील ज्या चळवळींशी जोडलेले होते, त्यांत प्रभूच्या पुनरागमनाची उत्कट अपेक्षा होती. त्याच मुक्तीत दुष्काळातून वाचविलेल्या शेकडो मुली शेती, विणकाम आणि छपाई शिकत होत्या, आणि रमाबाई सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबलचा अनुवाद करीत होत्या. येथे येणाऱ्या राज्याची ओढ आजच्या श्रमाला बळ देते.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) वाचली, तर एक वेगळा पुरावा हाती येतो. या आत्मचरित्रात धर्मशास्त्राची परिभाषा जवळजवळ नाही. पतीकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळत होत्या. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा एकदा मनाशी उलगडा झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सुरुवात केली. हा प्रसंग त्या कोणत्याही उद्घोषणेविना सांगतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. टिळकांनी दरबाराच्या रचनेत जे तत्त्व म्हणून मांडले, ते लक्ष्मीबाईंच्या घरात त्यापूर्वीच घडून गेले होते, म्हणजे स्नानाआधी प्रवेश. शिवाय येथे बदल उच्चवर्णीय स्त्रीच्या बाजूने होतो. दलितांना आत घेण्याचे औदार्य नव्हे, तर स्वतःची सीमा मोडण्याचा निर्णय त्यात आहे. उपस्थित राज्याचा मराठी गद्यातील हा सर्वांत विश्वसनीय दाखला म्हणता येईल.

टिळकांचे १९१९ मध्ये निधन झाले आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. त्याच्या या अल्पायुष्यामुळे त्याची संकल्पना फसली असे म्हणणे सोपे आहे. परंतु ‘दरबार’ या शब्दाचा स्वभावच राजाच्या उपस्थितीवर अवलंबून आहे, आणि टिळकांचे अनुयायी ती उपस्थिती बहुधा टिळकांच्याच व्यक्तिमत्त्वातून अनुभवीत होते. स्टीफन्स यांच्या ‘वैकुंठा’त राज्य सुरक्षित राहिले, पण भूमीपासून दूर गेले. ‘दरबारा’त ते जवळ आले, पण व्यक्तीवर विसंबले. ‘येवो’ या क्रियापदात ते अपूर्ण राहिले, आणि म्हणूनच प्रत्येक चालू सत्तेला, जयपूरच्या दिवाणीला जशी तशीच चर्चलाही, जाब विचारण्याचा अधिकार त्याने राखून ठेवला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा तौलनिक अभ्यास करताना या तीन शब्दांचा एकत्र विचार झाला, तर वर्तमान आणि भविष्य यांचा वाद येथे कोणाच्या स्थितीतून आणि कोणाच्या वतीने मांडला गेला, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.