एक भागिले क्ष : अपवाद की दुवा?

सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचे ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक १९१० साली प्रथम प्रसिद्ध झाले. कलनाची भीती घालवण्याचे काम ते आजही चोख करते. घाताच्या संकलनाचा नियम त्यात सोप्या भाषेत येतो : घातांक एकने वाढवा आणि नव्या घातांकाने भागा.

छेदात क्ष चा एखादाच घात असेल, तर परिमेय फलनेही या नियमात बसवता येतात. उदाहरणार्थ, क्ष³ + क्ष + १ या राशीला क्ष² ने भागले की क्ष, १/क्ष आणि १/क्ष² अशी तीन पदे मिळतात. पहिल्याचे संकलन क्ष²/२, तिसऱ्याचे –१/क्ष. मधल्या पदाशी मात्र नियम अडतो. तेथे घातांक –१ असल्याने शून्याने भागावे लागते.

बरीच पाठ्यपुस्तके येथे कंसात ‘न ≠ –१’ एवढेच छापून पुढे जातात. थॉम्प्सन ही अडचण झाकत नाहीत, नियम लावला तर काय होते ते लिहून दाखवतात. हे आम्हाला मोलाचे वाटते. परंतु लघुगणकाचे विकलन आधी ठाऊक नसते तर हे संकलन जमलेच नसते, असेही ते सुचवतात. येथे आमचा मतभेद आहे.

एक तर इतिहास वेगळे सांगतो. अपास्ताखालील क्षेत्रफळाचा विचार सेंट-व्हिन्सेंट यांच्या १६४७ च्या ग्रंथात आहे. क्ष च्या किमती गुणोत्तर श्रेढीने वाढवल्या, तर क्षेत्रफळ सारख्याच टप्प्यांनी वाढते. हे लघुगणकाचेच लक्षण आहे, हे द सारासा यांनी १६४९ मध्ये दाखवले. न्यूटन व लायब्निट्स यांचे कलन त्यानंतरचे.

दुसरे म्हणजे, नियमाकडूनच उत्तराचा माग लागतो. क्ष = १ ते २ मधले क्षेत्रफळ काढून पाहा. घातांक –०.९९ घेतला तर ०.६९५६ येते, –१.०१ घेतला तर ०.६९०८. या दोहोंच्या मध्ये ०.६९३१ आहे, आणि तोच २ चा नैसर्गिक लघुगणक! दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी केली की शून्याने भागण्याचे संकट टळते. घातांक –१ च्या जितका जवळ न्यावा, तितके उत्तर लघुगणकाजवळ सरकते.

म्हणजे १/क्ष हे नियमातले भगदाड नव्हे, घात आणि लघुगणक यांना जोडणारा तो दुवा आहे. थॉम्प्सन यांचे पुस्तक विद्यार्थ्यांना जरूर द्यावे. त्याबरोबर हे दोन आकडे मात्र त्यांच्याकडून गणकयंत्रावर काढून घ्यावेत. ‘पाठ करा’ म्हणून दिलेला अपवाद परीक्षेनंतर विसरला जातो. स्वतः शोधलेले कारण टिकते.