‘अक्करमाशी’तला मुलगा

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’वर (१९८४) आजवर पुष्कळ लिहिले गेले, भूक, जात, पाटीलकी, स्त्रीचे शोषण या अंगांनी. प्रस्थापित समीक्षेने ते ‘सामाजिक दस्तऐवज’ म्हणून बाजूला ठेवले आणि आपणही, खरे सांगायचे तर, दस्तऐवज म्हणूनच डोक्यावर घेतले. ही एका मुलाची कहाणी आहे, हे दोघांच्याही हातून निसटले.

बाप हणमंता लिंबाळे, लिंगायत पाटील. आई मसामाय, महार. बाप मुलाला आपला म्हणत नाही. आई पुढे दुसऱ्या पाटलाच्या आश्रयाला. मुलाला वाढवते आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारा महमूद दस्तगीर. मग मी कोण? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हे. शाळेच्या दप्तरात बापाच्या नावाचा रकाना भरायचा असतो, तेव्हाचा तो आहे. ‘अस्मितेचा पेच’ ही कल्पना मांडणाऱ्या एरिक एरिकसनलाही आपला जन्मदाता कोण हे ठाऊक नव्हते. १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याने स्वतःच नवे आडनाव घेतले. हन्नूरच्या पोराला ती मुभा कुठली? इथे आडनावावरून जात ठरते, जातीवरून सोयरीक.

मला अधिक अस्वस्थ करतो तो त्याचा आईवरचा राग. तिने आपल्याला जन्मच का दिला, असे तो विचारतो. शोषितेवर रागावणारा शोषित आपल्या मांडणीत बसत नाही, म्हणून आपण ती पाने भरभर उलटली. पण मन तिथेच दुभंगते: जिच्यावर माया, तिचाच राग, आणि त्या रागाचीही लाज.

याच जिल्ह्यात, पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत, कंत्राटावर राबणाऱ्या पाचसात पोरांबरोबर हे पुस्तक वाचले. दस्तऐवजाबद्दल कुणी बोलले नाही. एक जण म्हणाला, “सर, माझा बाप हाय, नाव बी लावलंय, पर बोलत न्हाई. मी रातपाळीवरनं येतो तवा त्यो कामाला निघालेला असतो.” दुसऱ्याला झोप येत नाही. घरी सांगितले तर ‘एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी का?’ हे ऐकावे लागते. त्या बापाला दोष देणे सोपे आहे. मला ते जमत नाही. आपली सारी मानखंडना भरून निघेल म्हणून त्याने पोराला शिकवले, आणि पोराच्या हाती आला ठेकेदाराचा गेटपास. दोघेही एकमेकांसमोर शरमिंदे.

पहिल्या पोराने पुस्तक घरी नेले. बापाला वाचून दाखवतो म्हणाला. अजून ते परत आलेले नाही.