मराठी चित्रपटाचे प्रकार : विंचूरहून पाहताना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे काही चित्रपटाचे केंद्र नव्हे. तरीही मराठी चित्रपटाचे निरनिराळे प्रकार तपासून पाहण्यासाठी ही जागा सोयीची आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा नाशिकचा कारखाना, पानिपतच्या रणात उतरलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि लासलगाव बाजार समितीचे विंचूर येथील उपबाजार आवार या साऱ्या गोष्टी येथून जवळच्या आहेत आणि मराठी चित्रपटाच्या जुन्या प्रकारांना त्या अवघड प्रश्न विचारतात. चित्रपटप्रकार म्हणजे प्रेक्षक आणि निर्माता यांच्यातील न लिहिलेला करार होय. कथेविषयी, वातावरणाविषयी आणि शेवटाविषयी काही अपेक्षा धरून प्रेक्षक तिकीट काढतो, आणि त्या अपेक्षा पुऱ्या करण्याचे किंवा कौशल्याने मोडण्याचे दायित्व निर्मात्यावर येते. २००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यापासून मराठी समीक्षेने ‘आशयघन’ चित्रपटांसाठी एक मानाचे पान राखून ठेवले. पण त्याच पंगतीत विनोदी, भय किंवा रहस्य या प्रकारांना एक तर सवलतीचे गुण मिळाले, नाहीतर त्यांची दखलच घेतली गेली नाही.

फाळक्यांना ही उतरंड मान्य झाली नसती. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्ण करण्याआधी त्यांनी वाटाण्याचा अंकुर वाढताना थोड्याथोड्या अवधीने टिपला आणि ती चित्रे सलग दाखवून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट सिद्ध केला. पुढे नाशिकला बिऱ्हाड हलवल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’ असे पौराणिक मूकपट करत असतानाच त्यांनी ‘पिठाचे पंजे’सारखा छोटा विनोदी पटही काढला. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. कॅमेऱ्याच्या करामतीतून चमत्कार घडवणे हा फाळक्यांच्या पौराणिक पटाचा प्राण होता, आणि त्यांच्यानंतर या प्रकाराला जी मरगळ आली ती श्रद्धा कमी झाल्यामुळे नव्हे, तर चमत्कारामागची कारागिरी पुनरुक्त झाल्यामुळे आली. संतपटाने मात्र याच वारशातून वेगळी वाट काढली. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जितका शांत, तितकीच गौरी यांनी रंगवलेली आवली कडक आहे. आजारी मुलाला घेऊन, पायातले हातात धरून ती थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, आणि अखेरीस नवरा वैकुंठाला जातो तेव्हा प्रपंचाची राखण करायला ती मागेच राहते. चित्रपटाचे मोठेपण गरुडाच्या विमानापेक्षा या मागे राहिलेल्या बाईत अधिक आहे, असे म्हणायला हरकत नाही.

ऐतिहासिक चित्रपटाची अवस्था सर्वांत काळजीची आहे. भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) यांतून या प्रकाराला त्याची भाषा आणि वळण दिले. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’पासून (२०१८) ‘सुभेदार’पर्यंतच्या (२०२३) शिवकालीन मालिकेने त्याला पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला, ही लहान कामगिरी नव्हे. परंतु या चित्रपटांत विजय किंवा हौतात्म्य यांखेरीज तिसरा शेवट संभवत नाही, शत्रूला विचार करण्याची मुभा नसते, आणि फौजेची रसद, दाणागोटा, थकलेले पगार या बाबी, ज्यांवाचून कोणतीही मोहीम उभी राहत नाही, त्या घोषणांच्या गजरात हरवून जातात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यालगत उभ्या असलेल्या विंचूरकरांच्या पथकाने रांग मोडून पुढे मुसंडी मारली, त्यामुळे गारद्यांच्या माऱ्यात अडथळा आला आणि नंतर पथकाने रण सोडले, असे वर्णन पानिपतावरील लेखनात येते. त्यात शौर्य किती, उतावीळपणा किती आणि जुन्या घोडदळी लढाईची सवय किती, हा नाट्याचा अस्सल ऐवज आहे. पण तो पडद्यावर आणायचा तर वीरपुरुषाला चूक करू द्यावी लागते. आशुतोष गोवारीकर यांचा हिंदी ‘पानिपत’ (२०१९) पराभवाची कथा घेऊनही अखेर गौरवगाथेच्याच चाकोरीत शिरतो. या तुलनेत प्रभातचा ‘रामशास्त्री’ (१९४४) आजही पुढे आहे, कारण नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना न्यायाधीशाने तोंडावर दोषी ठरवावे असा प्रसंग त्यात केंद्रस्थानी आहे. स्वकीयांची झडती घेण्याची तयारी ही ऐतिहासिक पटाची खरी कसोटी मानली, तर नव्या चित्रपटांतले फार थोडे तिला उतरतील.

तमाशापट आता जवळजवळ संपला आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला, तो काळ परत येणे नाही. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ने (२०१०) नाच्याच्या बाजूने फडाकडे पाहून या प्रकाराचा उत्तम समारोप केला, एवढे म्हणता येईल. विनोदी चित्रपटांत ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) टिकून आहे. तिची कल्पना ‘बीवी और मकान’ या जुन्या हिंदी चित्रपटातून आलेली असली, तरी पुण्यात भाड्याची खोली मिळवण्याची धडपड इतकी खरी आहे की साड्या नेसलेल्या नायकांवर हसतानाही प्रेक्षकाला घरमालकाची धास्ती जाणवत राहते. उसनवारी हा दोष नसून उसना माल आपल्या घरात न बसवणे हा दोष आहे. ‘झपाटलेला’तील (१९९३) तात्या विंचू अमेरिकी बाहुल्यावरून सुचला, पण रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांची ओळख प्रेक्षकाला आधीपासून असल्यामुळे तो मराठी झाला. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) भयपटासाठी पडका वाडा न घेता उसाचा फड घेतला, गर्भवती नायिका ज्या उसात वाट चुकते, तो पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही प्रेक्षकाच्या रोजच्या पाहण्यातला असतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

ग्रामीण चित्रपटाविषयी मत देताना ‘ग्रामीण’ हा शब्द किती गावांना एकाच मापाने मोजतो, हे लक्षात घ्यावे लागते. जब्बार पटेल यांच्या ‘सामना’त विजय तेंडुलकरांनी सहकारी साखर कारखान्याभोवतीची सत्ता नेमकी ओळखली, निळू फुले यांचा हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा मास्तर यांच्यातली लढत त्या अर्थकारणावाचून पोकळ ठरली असती. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) केशाला झालेल्या दत्तदर्शनातून गावात बांधकाम, दुकाने आणि राजकारण कसे उभे राहते, हे दाखवताना विनोद आणि संताप एकत्र नांदतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरे पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि जब्याचे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, जात, राष्ट्र आणि भूक यांवर लिहिलेल्या अनेक भाषणांपेक्षा ही काही क्षणांची स्तब्धता अधिक बोलते. सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने (२००९) विदर्भातील शेतकऱ्याच्या पावसाची वाट पाहण्याला काळा विनोद दिला.

परंतु निफाडच्या शेतकऱ्याचे संकट नेहमीच आभाळातून येत नाही. उन्हाळ कांदा चाळीत साठवून भावाची वाट पाहायची, ट्रॅक्टर रांगेत लावायचा, व्यापाऱ्याने ट्रॉलीतले चार कांदे हातात घेऊन पुकारलेल्या भावावर काही मिनिटांत वर्षाचा हिशेब ठरायचा, आणि ८ डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी आली की तो हिशेबही कोलमडायचा, हे येथील नाट्य आहे. त्यात खलनायक एकटा नाही आणि कर्ज, आत्महत्या, कोरडी जमीन या ठरलेल्या दृश्यांत ते मावत नाही. म्हणूनच बहुधा मराठी ग्रामीण चित्रपटाने त्याकडे पाठ फिरवली असावी. ‘सामना’ने साखर जशी आतून वाचली, तसा कांदा आतून वाचणारा, लक्षात राहील असा चित्रपट मराठीत अद्याप आलेला नाही, आणि तोवर या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘सामना’चेच नाव घ्यावे लागेल.